शाळेला पत्रे हवेत की पत्रं?

"शाळेवर धड पत्रे नाहीत आणि यांना पत्रं हवीत!" खानदेशातल्या शिक्षकांच्या गटांवर सध्या हे वाक्य जोरात फिरतंय. निमित्त लांबचं आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'टीचिंग विथ प्रायमरी सोर्सेस' नावाचा कार्यक्रम आहे. जुनी पत्रं, नकाशे, छायाचित्रं, वर्तमानपत्रांची पानं अशी अस्सल साधनं घेऊन वर्गात कसं शिकवावं, यासाठी त्यातून शाळा, विद्यापीठं, संग्रहालयं यांना अनुदान मिळतं. ते वाचून कुणीतरी विचारलं, धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचं दप्तर आहे, चाळीसगावजवळ पाटणचा शिलालेख आहे, मग आपल्या शाळांना असं काही का नको? झालं, लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, गौरवशाली वारशाची मुलांना ओळख झालीच पाहिजे, सरकारने पैसे द्यावेत. दुसरा म्हणतो, आधी छप्पर, आधी शिक्षक, आधी संडासाला पाणी. हे चोचले नंतर. दोन्हीकडे टाळ्या पडतात आणि वाद जिथल्या तिथे राहतो.

मला हे अनुदान हवंय. पण मागणारे ज्या कारणासाठी मागताहेत त्या कारणासाठी नाही. आणि नाकारणाऱ्यांची कारणं बरीचशी खरी असली, तरी त्यातून नकार निघत नाही. अस्सल कागद मुलांपुढे ठेवायचा तो छाती फुगावी म्हणून नव्हे, कागदाला प्रश्न विचारता यावा म्हणून. आणि पैसा द्यायचा तो कपाटं, फ्लेक्स आणि रंगीत भिंतींना नव्हे, शिक्षकाच्या वेळेला. या दोन गोष्टी सुटल्या तर अनुदान न मिळालेलंच बरं.

आज वर्गात काय चालतं ते पाहू. सातवी, आठवी, नववी या तिन्ही इयत्तांच्या इतिहासाच्या पुस्तकांत 'इतिहासाची साधने' हा धडा आहे, आणि तो पहिलाच आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं तिन्ही वर्षं ते पाठ करतात. मौखिक साधनांत ओव्या, लोकगीतं, पोवाडे येतात असं लिहून गुण घेतात. घरात आजीला पन्नास ओव्या येत असतात. त्यातली एक उतरवून आण, असं मात्र कुणी सांगत नाही. दहावीला तर इतिहासलेखनाची अख्खी परंपरा आहे, त्यात राजवाडे आहेत, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड आहेत. राजवाडे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी न पटल्यावर धुळ्याला आले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. धुळ्याचा मुलगा पेपरात 'बावीस' लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. त्या मंडळाचा उंबरा त्याच्या वर्गातल्या किती जणांनी ओलांडला असेल? पोहण्याचे प्रकार तीन वर्षं पाठ करून घ्यायचे आणि विहिरीकडे फिरकूच द्यायचं नाही, असा हा प्रकार आहे.

यावर कुणी म्हणेल, विहिरीत उतरून करायचंय काय? खेड्यातल्या पोराला मोडी कागदाचा उपयोग काय? हा प्रश्न खानदेशात बसून विचारला जातो याचं मला नवल वाटतं. कारण जुन्या कागदाचा उपयोग इथल्याइतका रोखठोक क्वचितच कुठे असेल. बारावीचा निकाल लागला की जात पडताळणीसाठी घराघरात काय शोधलं जातं? आजोबांचा दाखला. तो नसेल तर पणजोबांचा. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, आदिवासी आणि अनुसूचित जातींना 1950 च्या मागे जावं लागतं. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलमधून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना 14 ची नक्कल, कुठे जुनं खरेदीखत. त्यातलं निम्मं मोडीत. मग मोडी वाचणाऱ्याचा शोध, त्याचे पैसे, त्याच्या सहीशिक्क्याचं लिप्यंतर. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर तर मोडी जाणणारे लोक एकदम भाव खाऊ लागले. ज्या लिपीला शाळेने 1950 च्या सुमारास निरोप दिला, तिच्यावर आज घरादाराचं भवितव्य टांगलेलं असतं.

आणि पडताळणी समितीपुढे काय चालतं? दक्षता पथक मूळ रजिस्टर मागवतं. नक्कल नाही, मूळ. जातीच्या रकान्यातली शाई ओळीतल्या बाकी शाईशी जुळते का? अक्षर त्याच हाताचं आहे का? 'हिंदू' नंतर जागा सोडून मागाहून काही घातलंय का? नोंद त्या काळी झाली की नंतर? वडिलांच्या दाखल्यावर एक आणि चुलत्याच्या दाखल्यावर दुसरंच, असं का? इतिहासकार ज्याला साधनचिकित्सा म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याकडे सरकारी कचेरीत रोज चालते. ती पाहून अवाक होणारा बाप सातवीत 'लिखित साधने' शिकलेला असतो. त्याला तेव्हा कुणी रजिस्टरचं एक पान दाखवलं नव्हतं, मग तो एजंट गाठतो. एजंट काय करून देतो हे खानदेशात कुणाला सांगायला नको.

सातपुड्यात जा, तिथे याहून मोठी गोष्ट दिसते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. धडगाव-अक्कलकुव्यातल्या भिल्ल-पावरा माणसाकडे सातबारा नव्हता. त्याच्याकडे काय होतं? वनखात्याने 'अतिक्रमण' केलं म्हणून फाडलेल्या दंडाच्या पावत्या. घडी घालघालून विरलेल्या, धुराने काळवंडलेल्या, ट्रंकेत किंवा आढ्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद तो त्या साली त्या जमिनीवर होता याचा पुरावा ठरला. कागद लिहिणाऱ्याच्या मनात एक असतं आणि कागद सांगतो दुसरंच, हे इतिहासशास्त्राचं सगळ्यात अवघड सूत्र. ते डोंगरातल्या निरक्षर म्हाताऱ्याने पावत्या जपून सिद्ध केलं. त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आहे, जनगणना आहे, नकाशे आहेत, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे मौखिक साधन कायद्याने ग्राह्य धरलंय. त्या म्हाताऱ्याचा नातू आश्रमशाळेत 'मौखिक साधनांचे महत्त्व लिहा' याचं उत्तर गाईडमधून उतरवतो.

तेव्हा 'उपयोग काय' हा मुद्दा इथे संपायला हरकत नाही. पण उपयोगापुरतंच थांबायचं असेल तर शाळेची गरज नाही, एखादा क्लास पुरेल. शाळेने शिकवायची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यासाठी शाळेच्या कपाटातच सामान पडलेलं आहे.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी शंभरी ओलांडली आहे. त्यांचं जनरल रजिस्टर काढा. लांबोडकं, कापडी पाठीचं, वाळवीने कडा खाल्लेलं. रकाने पाहा: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, वर्तन, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. आता पोरांना एवढंच सांगा की जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली या. एक जून. एक जून. एक जून. पानाच्या पानं एक जून. आजोबा एक जूनचे, त्यांचे भाऊ एक जूनचे, गल्लीतले म्हातारे सगळे एक जूनचे. अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलं? मग पोरं घरी जाऊन विचारतील आणि कळेल की पणजीला तारीख ठाऊक नव्हती. पोळ्याच्या दोन दिवस आधी झाला किंवा मोठ्या पुराच्या साली झाला, एवढंच तिला सांगता येत होतं, आणि जूनमध्ये शाळेत घालताना गुरुजींनी वय बसेल अशी तारीख टाकली. कागद अस्सल, सही-शिक्का अस्सल, शाई त्या काळची. आणि मजकूर खोटा. पणजीची आठवण तोंडी, बिनतारखेची, आणि खरी. एवढं दहा वर्षांच्या मुलाला एकदा स्वतःच्या बोटाखाली सापडलं की मोबाइलवर आलेल्या 'ऐतिहासिक पत्रा'कडे तो कसा पाहील? मला वाटतं, इतिहासाच्या शिक्षणातून एवढंच हाती लागलं तरी पुष्कळ झालं. शाळा सोडण्याचं कारण हा रकानाही असाच आहे. 1918 च्या तापाच्या साली किती नावं कमी झाली? पहिली मुलगी कोणत्या साली आली, आणि कितवीत गेली? 'परगावी गेल्यामुळे' हा शेरा कोणत्या वर्षी वाढतो, आणि त्या वर्षी पाऊस कसा होता?

आता समोरच्यांचं म्हणणं. सगळ्यात वजनदार म्हणणं पत्र्यांचंच आहे, आणि त्याची थट्टा करायचं कारण नाही. दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला, दुसरा ऑनलाइन माहिती भरायला. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवून वर्ग भरतो. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, शंभरपर्यंत 25,000, अडीचशेपर्यंत 50,000. त्यातूनच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, शिवाय किमान 10 टक्के स्वच्छतेवर. खासगी अनुदानित हायस्कुलांत वेतनेतर अनुदान वेळेवर मिळत नाही ही कायमची रड आहे. अशा मुख्याध्यापकाला जाऊन 'आम्ही मोडी पत्रं वाचणार' म्हटलं तर तो चिडणारच.

पण हा युक्तिवाद जरा पुढे ढकलून पाहा. छप्पर आधी, हे खरं. छप्पर झाल्यावर काय? संगणक आधी. मग विज्ञानपेटी आधी. मग इंग्रजी. इतिहासाचा नंबर कधी येणार? गेल्या कित्येक वर्षांत 'आधी हे' म्हणून मागे ठेवलेली एक तरी गोष्ट पुढे आपोआप झाली आहे का? शिवाय छप्पर बांधायचा पैसा बांधकामाच्या लेखाशीर्षातून येतो, शिकवण्याचा वेगळ्या. इतिहासाचे पाच-पंचवीस हजार रोखले म्हणून पत्रा पडत नाही; तो दुसऱ्याच फाइलमध्ये अडकलेला असतो. ज्या काळात छपरंच काय, रस्तेसुद्धा नव्हते, त्या काळात राजवाडे वाड्या-वाड्यांतून रुमालांत बांधलेले कागद मागत फिरले. देश श्रीमंत झाल्यावर फिरू, असं ते म्हणाले असते तर 22 खंड सोडा, पहिलाही निघाला नसता. तोवर ते कागद रद्दीत गेले असते.

राजवाड्यांचं नाव निघालं की लगेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडे साने गुरुजींच्या नावाने येतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. त्यांना कुठलं अनुदान होतं? तळमळ असली की पैसा लागत नाही! ऐकायला छान आहे. पण त्या शाळेला प्रतापशेटचं नाव आहे ते उगाच नाही. गुरुजींच्या मागे मुलं राहतील असं वसतिगृह होतं, ते चालवणारी संस्था होती, आणि त्या संस्थेमागे एका गिरणीमालकाचा पैसा होता. तळमळ गुरुजींची होती, तेलमीठ दुसऱ्या कुणाचं होतं. आणि दर शिक्षकाने साने गुरुजी व्हावं ही अपेक्षा म्हणजे, खरं तर, कोणीच काही करू नये याची सोय आहे. संत निर्माण होण्याची वाट पाहत शिक्षणव्यवस्था चालत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. तो पत्र्यांच्या तटातून येत नाही. नंदुरबारकडचे आदिवासी कार्यकर्ते तो घेतात. कागद लिहिले कोणी? ज्याच्या हातात लेखणी होती त्याने. खानदेश 1818 साली इंग्रजांकडे गेला, 1825 पासून आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, 1880 मध्ये खानदेशचं गॅझेटियर छापून निघालं. या सगळ्या कागदांत भिल्ल आहे, पण तो कसा आहे? ज्याचा बंदोबस्त करायचा असतो असा. खाज्या नाईकाचं उदाहरण घ्या. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला इंग्रजांनीच त्याला ठेवलं, एका संशयिताच्या मृत्यूवरून तुरुंगात टाकलं, पुढे सोडून परत कामावर घेतलं, आणि 1857 ला तो उलटला. इंग्रजी दप्तरात तो लुटारू. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीला लढाई झाली, तिचा अहवाल जिंकणाऱ्याने लिहिला. हरणाऱ्याचा कागदच नाही. मग 'अस्सल साधनं' म्हणून तुम्ही आदिवासी पोराच्या हातात त्याच्या पूर्वजाची पोलिस फाइल देणार का?

हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून गॅझेटियर बंद करून ठेवावं असं ठरत नाही, उलट ते उघडावं असं ठरतं. गॅझेटियर मुलापर्यंत पोचतच नाही असं थोडंच आहे? पाठ्यपुस्तकांत, गाईडांत, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये त्याचीच वाक्यं लेखकाचं नाव गाळून उतरलेली असतात. नाव गाळलं की मत माहिती होऊन बसतं. मूळ पान पुढे ठेवलं, कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, त्याला पगार कोण देत होतं हे विचारलं, की तीच वाक्यं एका अधिकाऱ्याची वाक्यं होतात. आणि शेजारी दुसरं साधन ठेवायचं: डोंगरातली गाणी, म्हाताऱ्यांच्या सांगण्यातल्या नाईकांच्या गोष्टी, कोणत्या घाटाला कोणतं नाव का पडलं ते. त्या गोष्टीही तपासायच्या, त्यांनाही सूट नाही. 1852 च्या बंडाळीचंही असंच. सारामोजणी, म्हणजे शेतसारा ठरवायला जमिनीची मोजणी, आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागातले शेतकरी मोजणीविरुद्ध उठले, लष्कर आणावं लागलं. सरकारी लेखी तो दंगा. ज्याच्या शेतात साखळी टाकली जात होती त्याच्या लेखी काय? त्याच फैजपुरात 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतसाऱ्याचा, कुळांचा प्रश्न ठरावांत आला. या दोन तारखा शेजारी ठेवून फैजपूरच्या किती मुलांना प्रश्न विचारला गेलाय?

चौथी भीती भांडणांची. जुने कागद काढले की जात निघते, वतन निघतं, कोणाचं देऊळ आणि कोणाची मशीद हे निघतं. गावातली शांतता कशाला घालवता? शिक्षकाची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, बदलीचा अर्ज त्यालाच लिहावा लागतो. म्हणून सुरुवात जिवंत माणसांच्या जमिनीच्या कागदांपासून करायची नाही, रजिस्टरच्या प्रतींवर जातीचा रकाना झाकायचा, नावं झाकायची. एवढी अक्कल वापरावीच लागेल. पण भांडणं काय आज होत नाहीत? ती होतातच, फक्त कागद न वाचता होतात. कोणत्याही गावच्या चौकात ऐतिहासिक वादावर तावातावाने बोलणाऱ्याला विचारा, तुम्ही स्वतः काय वाचलंत? फॉरवर्ड.

याच ठिकाणी मला गौरवाच्या तटाशी भांडायचंय, कारण तो आपल्या बाजूचा वाटतो आणि म्हणून जास्त घातक आहे. पाटणचा शिलालेख पाहा. शके 1128, म्हणजे इसवी 1206-07. निकुंभ राजांच्या काळात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याला दान मिळालं, असं त्यात आहे. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. बराचसा संस्कृत, पण शेवटी दानाचा तपशील येतो आणि भाषा मराठी होते. बाजारात जो माल उघडेल त्यावरचा कर मठाला, जेवढे घाणे चालतात तेवढ्यांमागे पळी-पळी तेल मठाला. विचार करा, गणित-ज्योतिषाची शाळा चालवायला तेल्याच्या घाण्यावर पट्टी! शाळेला अनुदान देण्याचा आठशे वर्षांपूर्वीचा नमुना चाळीसगावच्या डोंगरात आहे, आणि त्यात पैसा कुठून यायचा हे पळीपर्यंत लिहून ठेवलंय. चाळीसगावच्या मुलाला हे वाचून पडणारे प्रश्न किती सुंदर असतील: गावात किती घाणे असतील? तेल दिव्याला की विकायला? तेल्याला कुणी विचारलं होतं का?

त्याऐवजी गौरवाचा तट काय शिकवणार? 'भास्कराचार्य आपल्या पाटणचे.' कमानीवर लिहून टाकतील. लेख मात्र नातवाच्या मठाबद्दल बोलतो, आजोबांच्या जन्मगावाबद्दल नाही. स्वतः भास्कराचार्यांनी सह्याद्रीजवळच्या विज्जडविडाचं नाव दिलंय, आणि ते गाव नेमकं कोणतं यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. दगड कुठवर बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे ओळखणं म्हणजेच शिक्षण. कमानीवर 'जन्मभूमी' रंगवायला अनुदान मिळणार असेल, तर मी पत्रेवाल्यांच्या बाजूने मत देईन.

हे असं होणार नाही याची खात्री काय? अनुभव वाईट आहे. आपल्याकडे अनुदान फेब्रुवारीत मंजूर होतं, मार्चमध्ये खात्यावर पडतं, आणि 31 मार्चच्या आत खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. जीएसटीचं बिल, जिओ-टॅग फोटो. आठवड्याभरात बिलासकट काय मिळतं? कपाट मिळतं. फ्लेक्स मिळतो. पेंटर मिळतो, तो भिंतीवर किल्ला काढून देतो. शिक्षकाचा वेळ मिळत नाही, कारण वेळेचं जीएसटी बिल निघत नाही. त्यामुळे आपले शालेय उपक्रम भिंतीवर दिसतात आणि वहीत दिसत नाहीत. दोष मुख्याध्यापकाचा नाही. त्याच्याकडे मागितलं जातं तेच तो देतो.

अमेरिकेच्या त्या कार्यक्रमातून उचलायचं असेल तर हे उचलावं. तिथे मुलांच्या हाती मूळ कागद देत नाहीत, ग्रंथालयाने संगणकावर मोफत ठेवलेल्या प्रती देतात. अनुदानाचा मोठा वाटा शिक्षकांना तयार करण्यावर जातो. आणि कागद वाचायला एक साधा तक्ता आहे: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, कोणते प्रश्न पडतात. तीन रकाने. त्याला प्रोजेक्टरही लागत नाही. आपल्याकडे धुळ्याचं राजवाडे मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. हे मूळ ऐवज शाळांत फिरवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. या संस्थांना मुलांच्या हातांपेक्षा आपल्याच तुटपुंज्या खर्चाची जास्त चिंता आहे. शाळेच्या अनुदानातला एक हिस्सा प्रत काढण्याचा मोबदला म्हणून त्यांच्याकडे गेला, तर दोघांचं भागेल. मोडी वाचणारा माणूस महिन्यातून एक दिवस मानधनावर चार शाळांत फिरेल. इतिहासाच्या शिक्षकाचे आठवड्याचे दोन तास तासिका तत्त्वावर दुसऱ्या कुणाला द्यायचे, आणि त्या दोन तासांत त्याने कागद निवडायचे. शाळेमागे वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या वर हे जात नाही. सहावी ते आठवीसाठी नव्या शैक्षणिक धोरणात दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेतच. ते दिवस कसे भरायचे म्हणून आज शाळा रांगोळी स्पर्धा घेतात. त्यातले दोन इकडे द्यावेत.

यासाठी मुंबईच्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांकडे 'नावीन्यपूर्ण योजना' नावाचं लेखाशीर्ष असतं. प्रत्येक जिल्ह्यात दहा शाळा घ्या. पैसा जूनमध्ये द्या. उपयोगिता प्रमाणपत्रासोबत फोटो मागू नका, मुलांच्या वह्यांची पाच पानं मागा, प्रश्नांची. उत्तरं नकोत. ज्या शाळेतल्या मुलांचे प्रश्न दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीसारखेच असतील, तिचं अनुदान बंद करा.

राहिला परीक्षेचा मुद्दा. तो पत्रेवाले काढत नाहीत, पण शिक्षकखोलीत तोच निकाल लावतो: बोर्डात येत नाही ते कोण शिकवणार? बरोबर आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुण. मराठीच्या पेपरात अपठित उतारा चालतो, मुलांनी आधी न पाहिलेला. मग या 40 पैकी 4 गुणांना आधी न पाहिलेला एक कागद का नसावा? दंडाची एक पावती छापायची, नाव झाकून. खाली तीन प्रश्न: ही कोणी लिहिली, कशासाठी लिहिली, आणि लिहिणाऱ्याला सांगायचं नव्हतं असं काय तिच्यातून कळतं?